आप्पा लोहार काय म्हणाले

"काय म्हणाला तो?" शेषाद्रीसाहेबांनी मला इंग्रजीतनं विचारलं.

आमचा शिपाई हणमंत टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवून नुकताच बाहेर पडला होता. जाता जाता सवयीनं "येतो साहेब" म्हणाला होता.

"ही सेज ही इज कमिंग, सर," मी म्हटलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि हाताची घडी घालून बसले. खोलीत आम्ही सहाजण. समोर कोइमतूरहून आलेले शेषाद्रीसाहेब, त्यांच्या डाव्या हाताला टाइपरायटर घेऊन मी. कोपऱ्यातल्या खुर्चीत मॅनेजर. बाकावर टाइमकीपर पोतनीस आणि तरणा इंजिनियर वेंकटेशन, दोघांच्या मधे हातभर जागा सोडून. आणि भिंतीपाशी उभे, टोपी दोन्ही हातांत धरून, आप्पा लोहार. चौकशी त्यांचीच होती. पंखा तेवढा कुरकुरत होता, बाकी कुणी तोंड उघडेना. एवढा लांबून आलेला माणूस सुरुवात का करत नाही, मला काही उमगेना. शेवटी साहेबांनी घड्याळ बघितलं.

"कुठं आहे तो माणूस?"

"कोण सर?"

"तोच. येतो म्हणाला ना?"

"तो गेला सर. सायकलवरनं बँकेत. आता दुपारीच उगवेल."

"मग येतो म्हणाला असं का सांगितलंस?"

"तो तसंच म्हणाला सर."

"म्हणजे खोटं बोलला?"

"नाही सर..." आता ह्यांना काय सांगायचं, कपाळ? मॅनेजरनं घसा खाकरला. पोतनीस छताकडं बघत मिशीत हसले.

"मिस मगदूम," साहेब हळू आवाजात म्हणाले, आणि तो हळू आवाजच मला जास्त लागला, "दुभाषी म्हणजे पाइप. ह्या टोकानं आत गेलेलं त्या टोकानं बाहेर पडायला पाहिजे. पाइपानं पदरचं पाणी घालायचं नाही, आणि आलेलं गाळायचंही नाही. शब्दाला शब्द. कळलं?"

पंप बनवणाऱ्या कंपनीत हे न कळायला काय झालं? मी "यस सर" म्हटलं. पण तळव्यांना असा घाम सुटला होता की टाइपरायटरच्या कळा चिकट लागायला लागल्या.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचं साल असेल. कोल्हापूरच्या बाहेर, हायवेला लागून आमची कंपनी. मालक कोइमतूरचे, मॅनेजर तिकडचाच, नुकता आलेला, वेंकटेशनही तिकडचाच, आणि बाकी आम्ही सगळे इकडचे. मी शैलजा मगदूम, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेले, अजून कायम व्हायची होते. वडील जयसिंगपुरात हायस्कूलला इंग्रजीचे मास्तर. डायरेक्ट-इनडायरेक्ट तर त्यांनी आम्हा भावंडांना बाळगुटीतनंच पाजलं होतं. कुणाचं बोलणं सांगायच्या दोन तऱ्हा, ते म्हणायचे, एक त्याच्याच तोंडून आणि एक आपल्या तोंडून, आणि आपल्या तोंडून सांगताना फार जपायचं. घर आमचं जैनांचं, बोलण्याचं सोवळं फार. एकदा मी धाकट्या भावाला "मेल्या" म्हटलं तर आईनं तोंडावर चापट दिली होती. तर अशी मी, आणि मला दुभाषी म्हणून बसवलं होतं शिवीगाळीच्या चौकशीत.

शेषाद्रीसाहेबांनी आरोपपत्र वाचायला घेतलं. इंग्रजी पोतनीसांचं होतं. मोल्डिंग शॉपच्या दारात आप्पा आणि वेंकटेशन ह्यांच्यात जे झालं ते मॅनेजरनं लांबून बघितलं होतं, पण त्याला मराठी कुठलं यायला? त्यानं पोतनीसांना विचारलं, तो काय म्हणाला ते लिहून द्या. पोतनीस वाईट माणूस नव्हते, हो. पण आपण इंग्रजी फार शुद्ध लिहितो हा त्यांना भारी गर्व. आप्पांचं बोलणं त्यांनी धुऊन, वाळवून, इस्त्री करून कागदावर मांडलं होतं. आता साहेब एकेक वाक्य वाचत होते आणि मला ते मराठीत करून आप्पांना सांगायचं होतं. शब्दाला शब्द.

"आप्पा, ह्यात असं लिहिलंय..." मी टाइपरायटरकडं बघत म्हटलं. "कामगारानं अधिकाऱ्यास 'प्रेत' असं संबोधलं."

साहेबांनी पुढचं वाचलं.

"अधिकारी मरण पावला अशी आपली समजूत होती, व त्यामुळं आपली सुटका झाल्याचं समाधान कामगारानं व्यक्त केलं. अधिकाऱ्याच्या मातोश्रींच्या चारित्र्याविषयी त्यानं अनुचित विधान केलं. अधिकारी पुन्हा आजारी पडल्यास त्याचा पाय मोडून तो त्याच्या हाती सुपूर्द करण्यात येईल, अशी धमकी दिली. त्यानंतर अधिकाऱ्याची कॉलर धरून पाठीवर प्रहार केला."

"ह्ये मी म्हटलं?" आप्पांनी विचारलं.

"असं लिहिलंय."

"काय म्हणतोय?" साहेब.

"त्यांनी हे म्हटलं का, असं विचारतायत, सर."

"ते मी त्याला विचारतोय!"

हसू नका. त्या खोलीत कुणालाही हसू येत नव्हतं. आप्पांना निवृत्त व्हायला दोन वर्षं होती. अधिकाऱ्यावर हात टाकल्याचं सिद्ध झालं की दुसऱ्या दिवशी गेटाबाहेर. उभा जन्म भट्टीच्या तोंडाशी काढलेला माणूस, बायको अंथरुणाला खिळलेली. आणि शिवीगाळ करून काढलेला म्हटल्यावर ह्या पट्ट्यात दुसरा कोण दारात उभा करणार? युनियन आमच्याकडं तेव्हा नव्हती. मॅनेजर नवा, कडक, म्हणून शॉपमधलं कुणी साक्षीला यायला धजलं नव्हतं. जो तो आपापल्या पोटाला भ्यालेला.

आणि मी तिथं होते. वेंकटेशन दुखणं काढून कामावर परतला त्या दिवशी मी डिस्पॅचला निरोप द्यायला चालले होते, आणि मोल्डिंग शॉपच्या दारातच सगळं माझ्या डोळ्यांपुढं घडलं होतं. मी ऐकलं होतं, बघितलं होतं, तोंडावर पदर धरून हसलेही होते. पण दुभाषाला साक्षीदार होता येत नाही. चौकशीच्या आधीच मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावून बजावलं होतं: "तू फक्त भाषांतर करायचं. तुझं मत कुणी विचारलेलं नाही. तुझ्या कायमच्या ऑर्डरवर अजून माझी सही व्हायचीय."

त्याहून वाईट गोष्ट आदल्या दिवशी कँटीनमध्ये झाली होती. वेंकटेशन माझ्यासमोर येऊन बसला. चोवीस-पंचवीसचा पोरगा, काविळीतनं उठलेला, गालफडं बसलेली. घरापासून एवढा लांब, एकटा राहायचा. महिनाभर अंथरुणात होता तेव्हा आप्पा रोज कामावरनं सुटल्यावर त्याच्या खोलीवर उसाचा रस घेऊन जायचे. मुळ्याचा पाला ठेचून द्यायचे. कुठल्याशा गावाला नेऊन गळ्यात काविळीची माळसुद्धा घालून आणली होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी पोरगा त्यांना "आप्पा" म्हणायचा. तमिळमध्येही बापाला अप्पाच म्हणतात, हे मला नंतर कळलं.

"मिस मगदूम," त्यानं इंग्रजीत विचारलं, "तू तिथं होतीस. मी मेलो असं वाटून त्यांना बरं वाटलं, असं ते खरंच म्हणाले?"

मी म्हटलं, "हो, पण..."

तेवढ्यात मॅनेजर चहा घ्यायला आत आला. वेंकटेशन उठला. त्याला आप्पांशीच नाही, शॉपमधल्या कुणाशीही बोलायची मनाई होती. तो कप तसाच ठेवून गेला, आणि माझा 'पण' माझ्यापाशीच राहिला. रात्रभर जिवाला लागून राहिला होता तो. आता पोरगा समोरच्या बाकावर बसला होता आणि आप्पांकडं एकदाही बघत नव्हता. रागानं नव्हे. फार लागलं होतं त्याला.

त्याचीच साक्ष आधी झाली. इंग्रजीत.

"कामगारानं तुमची कॉलर धरली?"

"हो सर."

"मारलं?"

"पाठीवर. हो सर."

"जे शब्द वापरले ते तुम्हाला कळले?"

"तेव्हा नाही सर. नंतर सांगण्यात आलं."

"आणि कळल्यावर काय वाटलं?"

त्यानं मान खाली घातली. "मला वाटायचं, ते मला आपला मानतात," एवढंच म्हणाला.

मॅनेजर पुढं झुकून म्हणाला, "हे लोक तोंडावर एक असतात आणि आत एक, सर." साहेबांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. ते आप्पांकडं वळले.

"विचार त्याला. कागदावरचं बाजूला राहू दे. त्याच्या स्वतःच्या तोंडून ऐकायचंय. त्या दिवशी तो नेमकं काय म्हणाला?"

माझा जीव भांड्यात पडला. आता आप्पा बोलतील, जसं बोलले तसं बोलतील, आणि सगळं आपोआप निवळेल.

"आप्पा, साहेब विचारतायत, तुम्ही काय म्हणालात ते तुमच्या तोंडानं सांगा. जसंच्या तसं."

आप्पांनी टोपी फिरवली. "काय न्हाई. शिव्या दिल्या."

"कोणत्या?"

"दिल्या बाई. लिव्हा की, दिल्या म्हणून."

"अहो असं नाही. शब्द सांगा. तुम्ही कसं म्हणालात ते सांगा, म्हणजे त्यांना कळेल."

"न्हाई सांगायचा."

"आप्पा!"

"बाईमाणसापुढं न्हाई सांगायचा. तू माज्या सुमनच्या वयाची हाईस. तुज्यापुढं तोंड इटाळू व्हय?"

घ्या! शिवीगाळ केली म्हणून ज्याची नोकरी चालली होती, तो माणूस एका पोरीपुढं शिवी उच्चारायला तयार नव्हता. मला रडू यावं की त्यांना गदगदा हलवावं, काही सुचेना.

"काय म्हणतोय?" साहेब.

"सांगणार नाही म्हणतायत, सर."

"टाइप कर. कामगारानं उत्तर देण्यास नकार दिला."

मी टाइप करेना. नकार दिला म्हणजे कबूल झालं, एवढा कायदा मलाही कळत होता. "सर, नकार तसा नाही. माझ्यासमोर ते शब्द बोलायला लाजतायत."

"मग तू बाहेर जा. मिस्टर पोतनीस भाषांतर करतील."

"ते तर साक्षीदार आहेत, सर."

साहेबांनी चष्मा काढला. इथं दुसरं मराठी-इंग्रजी येणारं होतं कोण? ते वैतागले होते, दुपारची गाडी पकडायची होती. "मग नकार लिही," ते म्हणाले.

"आप्पा, पाया पडते," मी म्हटलं. "बोला. मी कान झाकून घेते वाटलं तर."

"कान झाकल्यावं त्येला सांगनार कोन?" आप्पा म्हणाले, आणि चक्क हसले. मग हसू गेलं. "जाऊ दे पोरी. लिव्हू दे काय लिव्हायचं ते. त्या पोराकडं बघ. त्येला खरं वाटलंय न्हवं? मग माज्या बोलण्यानं आता काय हुतंय?"

वेंकटेशनला मराठी कळलं नाही, पण बोट आपल्याकडं झालं ते त्याला दिसलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. कँटीनमध्ये बघितलं होतं तसंच.

मी टाइपरायटर पुढं सरकवला आणि उभी राहिले. टेबलाचा कोपरा धरला.

"सर, तुम्ही मला शब्दाला शब्द सांगायला सांगितलंत. सकाळी मी शब्दाला शब्द सांगितलं, आणि तुम्ही गेलेल्या माणसाची वाट बघत बसलात."

"त्याचा इथं काय संबंध?" मॅनेजर खेकसला.

"आमच्याकडं घरातनं निघताना 'जातो' म्हणत नाहीत, सर. अशुभ असतं. निघणारा माणूस 'येतो' म्हणतो. दिवा विझवायचा असला तरी 'शांत कर' म्हणतात. आणि जे आपलं लाडकं असतं, त्याला चांगलं म्हणत नाहीत. दुखण्यातनं उठलेल्या पोराला 'किती छान दिसतोस' म्हटलं की झालीच की हो दृष्ट! त्याला 'मर मेल्या'च म्हणायचं असतं."

पोतनीसांनी डोळे मिटून घेतले होते.

"सर, एक विचारू? तुमच्या घरात निघताना काय म्हणता तुम्ही? इंग्रजीत नको. घरात, अम्माला."

मॅनेजर ताडकन उठला. शेषाद्रीसाहेबांनी हातानंच त्याला बसवलं. ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, गेली माझी नोकरी. बाबांना काय सांगायचं ह्याची मी मनात जुळवाजुळव करायला लागले.

"पोयिट्टु वरेन," साहेब सावकाश म्हणाले.

"म्हणजे काय, सर?"

"जाऊन... येतो." त्यांनी चष्मा परत लावला. थोडा वेळ हातातल्या कागदाकडं बघितलं. मग म्हणाले, "मिस मगदूम, हे 'ही स्टेटेड दॅट' पुरे झालं. तू तिथं होतीस?"

"होते सर."

"मग साक्ष म्हणून नव्हे, भाषांतर म्हणून. तो जसा म्हणाला तसं म्हण. आधी मराठीत. त्याच आवाजात."

आता माझी पाळी. आईची चापट मला गालावर जाणवली, देवाशपथ. कोपऱ्यात मॅनेजर, बाकावर वडिलांच्या वयाचे पोतनीस, दाराच्या फटीतनं तिघं-चौघं कामगार डोकावत असलेले. जयसिंगपूरच्या मगदूम मास्तरांची, लग्नाची मुलगी. हुपरीचं स्थळ पुढच्या रविवारी बघायला येणार होतं. पहिला शब्द मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले.

"मोठ्यानं," साहेब म्हणाले.

मी बाकापाशी गेले, वेंकटेशनच्या शर्टाची कॉलर धरली आणि ओरडले:

"आलास व्हय रं मुडद्या! मला वाटलं मेलास, सुटलो एकदाचा! रांडंच्या, पुन्ना आजारी पडलास तर तंगडं मोडून हातात दीन, सांगून ठेवतो!"

आणि दिला एक धपाटा त्याच्या पाठीत. द्यायचा नव्हता, हात आपोआप उठला. त्या बोलण्याला तो धपाटा लागतोच, त्याशिवाय ते पुरं होत नाही.

"गप ए पोरी!" आप्पा ओरडले. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, टोपी खाली पडली, आणि ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. दाराबाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं.

वेंकटेशन मान वर करून माझ्याकडं बघत होता. मी कॉलर सोडायचीसुद्धा विसरले होते.

"असंच," तो म्हणाला. "अगदी असंच होतं. सर, असंच होतं. कागदावर हे असं नव्हतं."

"आता इंग्रजीत," साहेब म्हणाले.

"इंग्रजीत..." मी शोधायला लागले. सापडेना. बाबांनी शिकवलेलं सगळं इंग्रजी फिरून आले, पण 'मुडद्या'ला प्रेताशिवाय शब्द नाही. शेवटी म्हटलं, "सर, ह्याचं इंग्रजी असं होतं, की बरा झालास, फार काळजी लागली होती, आता जप."

"हे शब्दाला शब्द नाही."

"नाही सर. पण हेच म्हणाले ते."

वेंकटेशन मधेच बोलला, अडखळत. "सर, तिनं 'दृष्ट' म्हटलं. आपण तिरुष्टि म्हणतो, तेच ना? माझी अम्मा मला फोनवर काय म्हणते माहीत आहे? सनियने!"

शेषाद्रीसाहेबांच्या मिशा हलल्या. मला कळेना. "म्हणजे काय?"

"शनी," वेंकटेशन म्हणाला. "तू शनी, जिवंत आहेस का मेलास, एक फोन करवत नाही? असं म्हणते. आणि मग रडते." असं म्हणताना त्याचेच डोळे भरून आले. तो उठला आणि भिंतीपाशी गेला. खाली पडलेली टोपी उचलली, झटकली आणि आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी ती घेतली, पण मान वर केली नाही. पोरगा तिथंच, त्यांच्या शेजारी उभा राहिला. बाकावर परत बसलाच नाही.

मॅनेजर म्हणाला, "सर, पण कॉलर धरली हे तर खरं आहे. शिस्त म्हणून काही..."

"कॉलर आत्ता ह्या मुलीनंही धरली," साहेब म्हणाले. "तुमच्या अधिकाऱ्याची तक्रार आहे का? विचारा."

वेंकटेशननं नुसती मान हलवली. नाही.

मग साहेबांनी मला टाइपरायटरवर बसवलं आणि निष्कर्ष सांगितला. तो मला आजही पाठ आहे. इंग्रजी अगदी पोतनीसांना आवडावं असं, अस्सल 'दॅट'वालं: संबंधित अधिकारी आजारातून बरा झाल्याबद्दल कामगारानं, ह्या भागातील रीतीस अनुसरून, आनंद व्यक्त केला. आरोप सिद्ध होत नाहीत. दोन ठिकाणी अक्षरं चुकली, आणि साहेबांनी ती आपल्या पेनानं दुरुस्त केली. जाताना दारात थांबून ते मला म्हणाले, "वरेन." ह्या वेळी कुणी भाषांतर मागितलं नाही.

आप्पांची नोकरी वाचली. माझं मात्र काय झालं विचारू नका! संध्याकाळची एसटी जयसिंगपूरला पोचायच्या आत बातमी पोचली होती, की मगदूम मास्तरांच्या पोरीनं भर हापिसात मद्राशाला रांडेच्या म्हणून धपाटा घातला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. हुपरीवाल्यांनी कळवलं, मुलाचा तूर्त विचार नाही. बाबा जेवण झाल्यावर ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसले. "काय म्हणालीस ते मला सांगू नको," ते म्हणाले. "का म्हणालीस तेवढं सांग." मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस."

पण मला खरी टोचणी होती ती वेगळीच. आप्पा माझ्याशी बोलेनात. समोर आले की नजर चुकवायचे, वाट बदलायचे. वेंकटेशनच्या पाठीत रोज धपाटे पडत होते, तो दात काढून हसायचा, मराठी शिव्या शिकायचा, आणि मी मात्र "बाई" ती "बाई"च. मोठ्या अदबीनं, लांबूनच. पोतनीस म्हणाले, "तू त्यांच्यासमोर ते बोललीस ना, त्यांना ते फार लागलंय. आपल्यापायी पोरीचं तोंड विटाळलं म्हणतात." म्हणजे मी ज्यांच्यासाठी एवढं केलं, त्यांच्याच मनातनं उतरले होते. ह्या विचारानं मला किती वेळा रडू आलं. कुणाला सांगणार?

पुढं दीडएक वर्षानं माझं लग्न ठरलं, पुण्याचं. मी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी होणारे यजमान स्कूटर घेऊन गेटाशी आले होते. पुण्याचे म्हणजे बोलणं तोलून-मापून, मला अजून अहो-जाहो करत होते. मी सगळ्यांचा निरोप घेतला. वेंकटेशननं "ये मेले परत" असं म्हणून दाखवलं, ऐटीत. मोल्डिंग शॉपमध्ये आप्पांना शोधलं तर ते तिथं नव्हते. कुणीतरी म्हणालं, आत्ताच तर होते. मी समजले. टाळतायत. डोळ्यांतलं पाणी पुसत गेटाकडं निघाले.

तर गेटाशी, स्कूटरपासून दोन पावलांवर, आप्पा उभे. हात राखेनं माखलेले, टोपी डोक्यावर. मी वाकून पाया पडले.

"येतो आप्पा," मी म्हटलं. आमच्याकडं बायकाही 'येतो'च म्हणतात.

मग एकदम त्यांचा तोच आवाज निघाला, मोल्डिंग शॉपच्या दारातला, सगळ्या गेटाला ऐकू जाईल असा:

"चाललीस व्हय मेले? चल, कर तोंड काळं! सुटलो एकदाचा! आणि पुन्ना हिकडं फिरकली न्हाईस तर तंगडं मोडून हातात दीन, सांगून ठेवतो!"

आणि पाठीत दिला असा दणका, की माझ्या खांद्यावरची पिशवी खाली पडली.

मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. पिशवी उचलली, पदरानं तोंड पुसलं आणि स्कूटरवर मागं जाऊन बसले. यजमान पांढरेफटक पडले होते. "अहो, हे काय? कोण आहेत हे? काय म्हणाले ते तुम्हाला?"

"आशीर्वाद दिला," मी म्हटलं. "काढा गाडी."